डोंगरउतारावर घर-गोठा: काँक्रीटची संरक्षक भिंत बांधताना या चुका टाळा

बदलापूर ते वांगणी पट्ट्यातील चामटोली आणि आसपासच्या गावांत सपाट जमीन कमी आणि उताराची जास्त. घर, गोठा, शेडनेट किंवा रोपवाटिकेसाठी जागा हवी असली, की उतार कापून सपाटी करावी लागते. कापलेल्या उताराची माती पावसात खाली येऊ नये म्हणून काँक्रीटची संरक्षक भिंत, म्हणजेच रिटेनिंग वॉल, बांधली जाते. बऱ्याचदा हे काम कुंपणाच्या भिंतीसारखे समजून गावातील मिस्त्रीच्या अंदाजावर उरकले जाते. दोन-तीन पावसाळे काहीच होत नाही. नंतर एखाद्या मोठ्या पावसात भिंत फुगते, कलते किंवा एकदम आडवी होते.

अशा भिंतीखाली माणसे झोपलेली असतात, जनावरे बांधलेली असतात. २ जुलै २०१९ च्या पहाटेपूर्वी मालाड पूर्वेतील पिंपरीपाडा येथे डोंगरउतारावरील भिंत कोसळून तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्याच रात्री कल्याणमध्ये शाळेची भिंत शेजारच्या झोपड्यांवर पडून तिघे दगावले. त्या २४ तासांत सांताक्रूझ येथे सुमारे ३७५ मि.मी. पाऊस झाला होता. घराची भिंत मालाडच्या भिंतीएवढी मोठी नसेल. तरी मागे पाणी अडले, तर तिच्यावरही तोच धोका येतो. या लेखात कोणत्या चुका होतात, त्या का घातक ठरतात आणि काम कसे करावे, याची माहिती घेऊ.

आधी भार समजून घ्या

कुंपणाच्या भिंतीवर मुख्यतः स्वतःचे वजन आणि वारा यांचा भार असतो. संरक्षक भिंतीला मागची माती बारा महिने पुढे ढकलत असते. हा दाब वरून खाली वाढत जातो, त्यामुळे भिंतीची उंची दुप्पट केली की एकूण दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. भिंत उलथवणारा जोर तर आठपट होतो. चांगला दाबलेला, निचरा होणारा मुरूम मागे आहे असे धरून भिंतीच्या प्रत्येक १ मीटर लांबीवर येणारा दाब साधारण असा असतो:

- १ मीटर उंची: सुमारे ०.३ टन. मागे वरपर्यंत पाणी साचल्यास सुमारे ०.७ टन.
- २ मीटर उंची: सुमारे १.२ टन. पाणी साचल्यास सुमारे २.७ टन.
- ३ मीटर उंची: सुमारे २.७ टन. पाणी साचल्यास सुमारे ६ टन.

म्हणजे उंची तीच, माती तीच, फक्त पाणी अडले तर भार दुपटीहून अधिक होतो. उन्हाळ्यात मजबूत वाटणारी भिंत जुलैमध्ये का पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पाणी किती येते तेही पाहू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर १०० मि.मी. पाऊस पडला, तर सुमारे १०,००० लिटर पाणी जमा होते. ३७५ मि.मी. पावसात हाच आकडा ३८,००० लिटरच्या घरात जातो. भिंतीच्या वर पाच-दहा गुंठ्यांचा उतार असेल, तर हे सगळे पाणी भिंतीच्याच दिशेने येणार. भातखाचराच्या बांधाला सांडवा ठेवला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. संरक्षक भिंतीलाही सांडवा लागतो. तो ठेवला नाही, तर सिमेंट-सळई कितीही वापरली तरी भिंत भरवशाची होत नाही.

चूक १: पाण्याला वाट न ठेवणे

सर्वाधिक भिंती याच कारणाने जातात. निचऱ्याची सोय काँक्रीट ओतण्यापूर्वीच ठरवावी लागते. मागाहून ती नीट करता येत नाही. तीन गोष्टी एकत्र हव्यात.

- निचऱ्याची भोके (वीप होल): ७५ मि.मी. म्हणजे ३ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे सेंटरिंगमध्येच सळईला बांधून घ्यावेत. खालची ओळ पुढच्या जमिनीपासून सुमारे १५ सें.मी. वर ठेवावी. दोन भोकांत सुमारे १.५ मीटर अंतर ठेवावे. भिंत उंच असल्यास १ मीटर वर दुसरी ओळ घ्यावी आणि तिची भोके खालच्या दोन भोकांच्या मधोमध येतील अशी ठेवावीत. पाइपला बाहेरच्या बाजूस थोडा उतार द्यावा. काँक्रीट ओतताना पाइपची तोंडे बंद ठेवावीत, नाहीतर आत स्लरी जाऊन भोक बुजते.
- खडीचा थर: भिंतीच्या मागे पूर्ण उंचीला किमान ३० सें.मी. जाडीचा २० ते ४० मि.मी. खडीचा थर द्यावा. खडी आणि माती यांच्यामध्ये न विणलेले जिओटेक्स्टाईल कापड लावावे. हे कापड नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत बारीक माती खडीत शिरते आणि निचरा बंद पडतो. शेडनेटचा तुकडा किंवा सिमेंटची रिकामी गोणी हा त्याला पर्याय नाही.
- वरचा चर: भिंतीच्या माथ्यामागे, शक्यतो २-३ मीटर वर, उताराला आडवा पक्का चर काढावा. वरून येणारे पाणी भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला वळवून नैसर्गिक ओहोळात सोडावे. ते शेजाऱ्याच्या शेतात सोडू नये. खडीच्या थरावर वरचे ३० सें.मी. चिकण माती दाबून झाकण करावे, म्हणजे वाहते पाणी सरळ आत उतरणार नाही.

भरावाच्या तळाशी, टाचेजवळ १०० मि.मी. छिद्रांचा पाइप खडीत टाकून त्याचे तोंड भिंतीच्या टोकाला बाहेर काढल्यास निचरा आणखी खात्रीचा होतो.

चूक २: मागे मिळेल ती माती भरणे

खोदकामातून निघालेली किंवा खाचरातली माती मागे ढकलून देणे स्वस्त पडते, पण इथेच घात होतो. भातखाचरातील माती वर्षानुवर्षे चिखलणी केल्याने बारीक आणि घट्ट झालेली असते. भातासाठी पाणी धरून ठेवणारी हीच माती भिंतीमागे नको असते. काळी माती त्याहून वाईट, कारण ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि दरवर्षी भिंतीला थोडे थोडे पुढे सरकवते.

मातीची साधी परीक्षा शेतातच करता येते. मूठभर माती ओली करून तळहातावर वळावी. तिची पेन्सिलपेक्षा बारीक, न तुटणारी वात होत असेल, तर चिकण जास्त आहे. ती माती बागेत किंवा बांधावर वापरावी. वात होण्याआधीच तुटणारा, खरखरीत मुरूम भरावासाठी योग्य. पालापाचोळा, शेणखत, झाडांची मुळे, प्लॅस्टिक आणि घर पाडून निघालेला राडारोडा भरावात टाकू नये. सेंद्रिय पदार्थ कुजले की पोकळी होते आणि जमीन खचते.

भराव २० सें.मी.च्या थरांनी टाकावा आणि प्रत्येक थर किंचित ओला करून धुम्मसने ठोकावा. एकदम दोन मीटर माती टाकून वरून जेसीबीचे बकेट आपटणे चुकीचे आहे. जेसीबी, ट्रॅक्टर, रोलर अशी जड यंत्रे भिंतीपासून किमान तिच्या उंचीइतकी दूर ठेवावीत.

चूक ३: कुंपणाच्या भिंतीचा आराखडा वापरणे

दर तीन मीटरवर कॉलम आणि मध्ये ६ इंची ब्लॉकचे बांधकाम, ही कुंपणाची पद्धत आहे. मातीचा दाब आला की ब्लॉकचे बांधकाम मधोमध फुगते. संरक्षक भिंतीचा आकार उलट्या टी अक्षरासारखा असतो: खाली रुंद पाया आणि त्यावर उभी भिंत. पायाची रुंदी साधारणपणे भिंतीच्या उंचीच्या निम्मी ते ७० टक्के लागते. २ मीटर उंचीसाठी १ ते १.४ मीटर. हा पाया जास्तीत जास्त मातीच्या बाजूला असावा, कारण पायाच्या टाचेवर बसलेल्या मातीचे वजनच भिंतीला उलथण्यापासून धरून ठेवते. जागा वाचवण्यासाठी अरुंद पाया घेतला, तर भिंत न मोडता अख्खी पुढे कलते.

आमची शिफारस अशी: मोकळ्या जागेत सुमारे १ मीटरपर्यंतची भिंत अनुभवी मिस्त्रीकडून करून घ्यावी. उंची त्याहून जास्त असेल, वर रस्ता, घर किंवा टाकी असेल, अथवा खाली माणसे-जनावरे राहणार असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून जागा दाखवून नकाशा घ्यावाच. सळईचा व्यास आणि अंतर त्या नकाशाप्रमाणेच ठेवावे. शेजारच्या गावातील भिंतीची नक्कल करू नये, कारण तिथली माती आणि उतार वेगळा असतो.

चूक ४: कच्च्या जमिनीवर पाया

पाया भरावावर, खाचराच्या मऊ थरावर किंवा जुन्या ओहोळात बसवू नये. घट्ट मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदावे. पुढच्या जमिनीपासून किमान ६० सें.मी. खोली ठेवावी. खड्ड्यात पाणी-चिखल असताना काँक्रीट टाकू नये. तळ साफ करून आधी पीसीसीचा थर द्यावा, मग सळई बांधावी. भिंतीच्या पुढून पाणी वाहत असेल, तर पायथ्याशी मोठ्या दगडांचे पिचिंग करावे, नाहीतर पायाखालची माती धुऊन जाते.

खोदकाम करताना उभा काप घेऊन त्याखाली मजूर उतरवू नयेत. ओल्या मातीची दरड कोसळायला क्षण लागतो. काप तिरका ठेवावा, खोदलेली माती कडेपासून लांब टाकावी आणि एका वेळी थोडीच लांबी उघडावी.

चूक ५: सळई चुकीच्या बाजूला

काकडी वाकवली, की बाहेरच्या वळणावर ती तडकते. माती भिंतीला पुढे वाकवते, तेव्हा ताण येतो तो मातीकडच्या बाजूवर. काँक्रीट दाब सहन करते, ताण सहन करत नाही; तो ताण सळईने घ्यायचा असतो. म्हणून उभी मुख्य सळई मातीच्या बाजूलाच हवी. ती मधोमध किंवा दर्शनी बाजूला बांधली, तर सळईचा खर्च होऊनही उपयोग फार थोडा होतो. पायामध्ये टाचेची मुख्य सळई वरच्या बाजूला आणि पुढच्या पंजाची खालच्या बाजूला येते. पायातून वर येणाऱ्या उभ्या सळया काँक्रीट ओतण्यापूर्वीच बांधून घ्याव्यात. ओल्या काँक्रीटमध्ये मागाहून खोचू नयेत.

मातीला लागणाऱ्या बाजूला सळईवर ५० मि.मी. कव्हर ठेवावे. त्यासाठी तयार कव्हर ब्लॉक वापरावेत. दगड किंवा विटेचा तुकडा लावू नये. ओतण्याच्या आदल्या दिवशी सळईचे फोटो काढून इंजिनिअरला दाखवावेत. एकदा काँक्रीट झाले, की आत काय आहे ते दिसत नाही.

चूक ६: पातळ काँक्रीट आणि अपुरे पाणी मारणे

संरक्षक भिंतीसाठी किमान एम २० दर्जाचे काँक्रीट वापरावे. साइटवर बनवायचे असल्यास १ : १.५ : ३ हे प्रमाण घ्यावे. घमेल्याच्या अंदाजाने माप चुकते. ३५ × २५ × ४० सें.मी. मापाचा फरमा ३५ लिटरचा होतो आणि सिमेंटची ५० किलोची एक गोणी तेवढीच भरते. म्हणून एका गोणीला दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी. पाणी गोणीमागे २५ ते ३० लिटरच्या पुढे जाऊ देऊ नये. वाळू ओली असेल, तर आणखी कमी. काम सोपे व्हावे म्हणून पाइपने पाणी वाढवले, की काँक्रीटची ताकद घटते.

- खाडीतील न धुतलेली वाळू वापरू नये. तिच्यातील मिठामुळे सळई गंजते. चांगली क्रश सँड चालते.
- काँक्रीट १.५ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून टाकू नये. व्हायब्रेटर वापरावा, म्हणजे आत पोकळ्या राहत नाहीत.
- पाया आणि भिंत यांच्या सांध्यावरची मऊ साय तारेच्या ब्रशने काढून, धुऊन मगच वरचे काँक्रीट टाकावे.
- लांब भिंतीत दर ६ ते ८ मीटरवर सांधा ठेवावा, नाहीतर भेगा कुठेही पडतात.
- गोणपाट लावून किमान १० दिवस सतत ओलावा ठेवावा. सध्या बहुतेक ठिकाणी मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला हा कालावधी आवश्यक आहे. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी मारणे पुरत नाही.

चूक ७: घाईने भराव करणे

उभ्या भिंतीचे सेंटरिंग एक-दोन दिवसांत निघते. भिंत उभी दिसली, की दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलावला जातो. त्या वेळी काँक्रीटची ताकद फारच कमी असते. भरावासाठी किमान १४ दिवस, शक्यतो २८ दिवस थांबावे. सेंटरिंग निघणे म्हणजे भिंत भार घ्यायला तयार होणे नव्हे.

चूक ८: नंतर वर भार टाकणे

भिंतीचा हिशेब बांधतेवेळच्या भारावर केलेला असतो. पुढे वर १०,००० लिटरची टाकी बसवली, की १० टनांची भर पडते. शेणखताचा उकिरडा, विटांचा थर, ट्रॅक्टर उभा करण्याची जागा, यांचाही भार भिंतीवरच येतो. असे भार भिंतीपासून किमान तिच्या दीडपट उंचीइतके दूर ठेवावेत. शेततळे भिंतीच्या वर घेऊ नये, कारण अस्तर फाटले तर गळती थेट भरावात जाते.

बागेच्या बाबतीतही काळजी हवी. नारळ-केळीची आळी भिंतीला लागून करू नयेत. ठिबकची मुख्य लाइन भरावातून नेल्यास सांधे अधूनमधून तपासावेत. भोकांतून उगवलेले पिंपळ-वडाचे रोप लहान असतानाच काढावे.

पूर ओसरताना जास्त जपा

चामटोलीचे नाव २७ जुलै २०१९ रोजी सर्वत्र पोहोचले. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस याच गावाजवळ अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या किंवा ओहोळाकाठच्या भिंतीसाठी यातून एक वेगळी बाब लक्षात घ्यावी. पूर चढलेला असताना पुढचे पाणी भिंतीला एक प्रकारे टेकू देत असते. पूर झपाट्याने ओसरला, की हा टेकू जातो, पण मागची माती पाण्याने गच्च असते. म्हणून पाणी उतरल्यानंतरचे काही तास आणि पुढचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. "पाणी गेले, आता काळजी नाही" असे समजून लगेच भिंतीखाली जनावरे बांधू नयेत.

बांधण्यापूर्वी जागा जलसंपदा विभागाच्या निळ्या पूररेषेत येते का, ते तपासावे. त्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते. हद्दीलगत काम असल्यास आधी मोजणी करून घ्यावी, कारण भिंत हद्दीत आणि पाया शेजाऱ्याच्या जमिनीत, असे वाद नेहमी होतात. ग्रामपंचायत किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडे परवानगीची चौकशी करावी.

एका उंच भिंतीऐवजी पर्याय

जागा असेल, तर २ मीटरच्या एका भिंतीऐवजी १ मीटरच्या दोन भिंती पायऱ्यांसारख्या घ्याव्यात. उलथवणारा जोर उंचीच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने प्रत्येक छोट्या भिंतीवर तो मोठीच्या एक अष्टमांशच येतो. दोन भिंतींमध्ये किमान २ मीटर अंतर मात्र हवे. जवळ घेतल्यास वरच्या भिंतीचा भार खालचीवर येतो. मधल्या पट्ट्यात लिंबू, मिरी, हळद किंवा भाजीपाला घेता येतो.

कमी उंचीला जाळीत दगड भरून केलेली गॅबियन भिंत किंवा जाणकाराने रचलेला कोरड्या दगडांचा गडगा उपयोगी पडतो. दोन्हींतून पाणी आपोआप झिरपते. भिंतीच्या वरच्या उतारावर समपातळी रेषेत वाळ्याची, म्हणजे व्हेटिव्हरची, रांग लावावी. जूनमध्ये १०-१५ सें.मी. अंतराने ठोंब लावले, तर दाट कुंपण तयार होते. त्याची मुळे आडवी न पसरता खोल जातात, माती धरतात आणि वाहत्या पाण्याचा वेग कमी करतात. वाळा भिंतीची जागा घेऊ शकत नाही, पण तिच्याकडे येणारी माती आणि पाणी नक्की कमी करतो.

जुनी भिंत असल्यास ही लक्षणे पाहा

- भिंत पुढे कललेली किंवा मध्ये फुगलेली. ओळंबा लावून मोजमाप लिहून ठेवावे आणि दरवर्षी ताडून पाहावे.
- आडवी भेग, विशेषतः तळाजवळ.
- माथ्यामागच्या जमिनीत भिंतीला समांतर भेग.
- मोठा पाऊस असूनही भोकांतून पाणी न येणे. याचा अर्थ पाणी आत अडले आहे.
- भोकांतून गढूळ पाणी येणे. याचा अर्थ भरावाची माती वाहून चालली आहे.

भेग दिसली म्हणून प्लॅस्टर करून झाकू नये आणि पाणी गळते म्हणून भोके बुजवू नयेत. पावसात यापैकी काही दिसले, तर आधी खालची माणसे व जनावरे हलवावीत. वरून येणारे पाणी सुरक्षित अंतरावरून दुसरीकडे वळवावे. भिंतीला टेकू लावण्यासाठी कोणीही खाली जाऊ नये. ग्रामपंचायत, तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवून पाऊस थांबल्यावर इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी.

कामाचे वेळापत्रक

- नोव्हेंबर-डिसेंबर: मोजणी, परवानगी, इंजिनिअरची भेट. पाणी कुठून येते हे पावसाळ्यातच पाहून खुणा करून ठेवाव्यात.
- जानेवारी-फेब्रुवारी: खोदकाम आणि पाया.
- मार्च: भिंतीचे काँक्रीट, गोणपाट आणि पाणी.
- एप्रिल: खडी, कापड, थराथरांनी भराव.
- मेचा पहिला पंधरवडा: वरचा चर पूर्ण करणे. मागच्या खडीत अर्धा तास पाइप सोडून सर्व भोकांतून पाणी बाहेर येते का, हे तपासणे.

मेअखेरही भराव राहिला असेल, तर घाईने उरकू नये. उघडा काप तिरका करून ताडपत्रीने झाकावा, पाण्याला बाजूने वाट काढून द्यावी, त्याखालची जागा पावसाळाभर रिकामी ठेवावी आणि उरलेले काम दिवाळीनंतर करावे.